आधी विमानतळ, मग विमानकंपनी

गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांच्या खतावणीत एका नव्या खर्चाचे पान उघडले गेले आहे. ते विमानप्रवासाचे. सुताच्या सौद्यासाठी कोइंबतूर, यंत्रांच्या सुट्या भागांसाठी अहमदाबाद, उधारीच्या वसुलीसाठी हैदराबाद वा कोलकाता, आणि शिकावयास गेलेल्या मुलांना भेटण्यासाठी पुणे किंवा बंगळुरू, असे प्रवास आता बऱ्हाणपूरच्या मोठ्या पेढ्यांपुरते राहिलेले नाहीत. डोईफोडिया, खकनार, नेपानगर येथील मध्यम प्रतीचा व्यापारीही ते करू लागला आहे. खर्च आला तसा त्याच्यामागून प्रश्नही आला. आपण कोणत्या विमानकंपनीचे कायमचे गिऱ्हाईक व्हावे, आणि तिच्या ‘फ्रिक्वेंट फ्लायर’ योजनेत, म्हणजे नित्यप्रवाशांच्या पॉइंटांच्या खात्यात, नाव घालावे की नाही?

मोठ्या शहरांतील माणसाला ह्याचे उत्तर सोपे आहे. त्याच्या घरापासून विमानतळ तासाभराच्या अंतरावर असतो. तेथून ज्या कंपनीची उड्डाणे सर्वांत अधिक, तिचे खाते उघडले की काम झाले. आपल्या जिल्ह्यात मात्र नियमित प्रवासी विमान उतरेल असा विमानतळच नाही. यास्तव आपला प्रश्न एक पायरी अलीकडे सुरू होतो. कोणाच्या विमानात बसावे हे ठरविण्यापूर्वी विमानात कोठून बसावे हे ठरविणे आपणास भाग आहे. आमचे स्पष्ट मत असे की, आपल्या भागातील व्यापाऱ्याने आपली निष्ठा कंपनीला न देता जवळच्या विमानतळाला द्यावी. पॉइंटांचा विचार सर्वांत शेवटी करावा.

आपल्यापुढे मुख्य दारे दोन आहेत. दक्षिणेस जळगाव, बऱ्हाणपुराहून सुमारे शंभर किलोमीटर. उत्तरेस इंदूर, सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर. डोईफोडियाकडील मंडळींस बऱ्हाणपूर गाठण्याचा वेळ त्यात वेगळा मिळवावा लागतो. पूर्वेस धारणी-परतवाडा मार्गाने अमरावती हे तिसरे दार आहे. तेथील बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. परंतु मेळघाटातील रस्ता आणि एकाच शहराची सोय पाहता, त्यावर अवलंबून राहण्याजोगी स्थिती येण्यास अवकाश आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर ही दोन्ही ठिकाणे विशेष प्रसंगीच उपयोगी.

इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ मोठा आहे. दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद इत्यादी शहरांना तेथून थेट विमाने आहेत, आणि १५ जुलै २०१९ रोजी तेथून दुबईचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण झाले. निवड अधिक, म्हणून भाव पुष्कळदा कमी. तथापि वाट लांबची. आशीरगड, खंडवा, मोरटक्का, पुढे घाट, आणि शेवटी इंदूर शहर ओलांडून पलीकडच्या टोकाचा विमानतळ. सप्टेंबर २०२३ मध्ये नर्मदेला मोठा पूर आला तेव्हा मोरटक्क्याच्या पुलावरील वाहतूक थांबवावी लागली होती. पावसाळ्यात सकाळचे विमान धरावयाचे तर सावध माणूस आदल्या दिवशीच इंदुरास मुक्कामी जातो, आणि त्या मुक्कामाचा खर्च तिकिटाच्या किमतीत धरावयास विसरतो.

जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये सुरू झाला. तो लहान आहे. मोठी जेट विमाने तेथे येत नाहीत. सत्तरेक आसनांची, पंख्याची एटीआर विमाने उतरतात. उड्डाणे मोजकी आणि वेळापत्रक बदलते. तरीही वाट जवळची, सपाट आणि बहुतेकांच्या परिचयाची. रावेर, सावदा, भुसावळ येथे आपले सोयरेधायरे आहेत. गाडी चुकली, विमान लांबले, तर रात्र काढावयास घर आहे. ही सोय तिकिटावर छापलेली नसते, पण वृद्ध माणसे वा लहान मुले बरोबर असली म्हणजे तिची किंमत कळते.

आता हिशेब पाहू. समजा भाड्याच्या मोटारीचा दर किलोमीटरला पंधरा रुपये आहे. इंदूर व जळगाव यांच्या अंतरातील फरक ऐंशी किलोमीटर. मोटार सोडून रिकामी परतते तिचेही भाडे आपणच देतो, म्हणून एका फेरीस एकशे साठ किलोमीटर. जाणे व येणे मिळून तीनशे वीस. म्हणजे चार हजार आठशे रुपये. एकटा व्यापारी जात असेल तर इंदूरचे परतीसह तिकीट जळगावपेक्षा किमान चार हजार आठशे रुपयांनी स्वस्त असेल तरच इंदूर परवडले. चौघांचे कुटुंब जात असेल तर माणशी बाराशेचा फरकही पुरेसा. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. परंतु मोबाइलवर दोन भाव शेजारी शेजारी पाहून कमी भावाचे तिकीट तत्काळ काढणारी मंडळी तो करीत नाहीत. जो व्यापारी गाठोड्यावरील हमालीचा एक रुपया सोडत नाही, त्याने स्वतःच्या वाहतुकीची हमाली विसरावी, हे आम्हांस विचित्र वाटते.

ह्याच हिशेबात रेल्वेलाही जागा दिली पाहिजे. इटारसी-जबलपूरमार्गे मुंबई व कोलकाता जोडणारा लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला, तो आपल्या बऱ्हाणपुरावरूनच जातो. रात्री गाडीत झोपून सकाळी मुंबईत उतरता येत असताना केवळ हौसेखातर मुंबईचे विमान धरण्यात व्यापारी शहाणपण नाही. फक्त एका दिवसात जाऊन परतावयाचे असेल, किंवा पुढचे परदेशी विमान गाठावयाचे असेल, तर गोष्ट निराळी. सम्मेदशिखरजीच्या यात्रेकरूंसही आम्ही हेच सांगू. मुंबई-हावडा मेल भुसावळ-इटारसी मार्गाने जाऊन पारसनाथ स्थानकावर थांबतो. विमानाने जाऊन दोन ठिकाणी विमान बदलणे व पुढे मोटारीचा प्रवास करणे ह्यांत वृद्धांचे हाल अधिक होतात. विमान दक्षिणेसाठी, दिल्लीसाठी आणि तातडीच्या कामासाठी राखून ठेवावे.

विमानतळ ठरला म्हणजे मग कंपनी. येथे आम्ही वाचकांस थोडा मागचा इतिहास आठवून पाहावयास सांगतो, कारण ज्या पेढीकडे आपण खाते उघडणार तिची पत तपासणे हा आपला पिढीजात रिवाज आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले, तेव्हापासून ह्या धंद्याचे स्वरूप अनेकदा पालटले. १९५३ च्या कायद्याने तो सरकारच्या हाती गेला. १९९० नंतरच्या दशकात खाजगी कंपन्यांस पुन्हा वाट मोकळी झाली. त्यानंतर काय घडले? किंगफिशर २००५ मध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज १९९३ मध्ये निघाली, एके काळी देशात अग्रेसर ठरली, आणि एप्रिल २०१९ मध्ये तिची विमाने जमिनीवर आली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे पैसे अडकले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. आणि स्वतः एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी सरकारकडून पुन्हा टाटांकडे गेली. एवढ्या थोड्या काळात इतक्या नावाजलेल्या पेढ्यांच्या पाट्या बदलल्या अथवा उतरल्या, असा दुसरा धंदा दाखविणे कठीण आहे.

आज देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून बरेच अधिक प्रवासी एकट्या इंडिगोकडे आहेत. इंदूरसारख्या ठिकाणाहून तिची उड्डाणेही अधिक, म्हणून तिच्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. परंतु डिसेंबर २०२५ च्या आरंभी वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम लागू असताना पुरेशी पूर्वतयारी नसल्यामुळे तिची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि देशभर प्रवासी खोळंबले. ह्यावरून कोणत्याही कंपनीस दोष देत बसण्यापेक्षा आपण घ्यावयाचा धडा असा की, सर्व माल एकाच गाडीत भरू नये. लग्नाची मंडळी न्यावयाची असोत किंवा महत्त्वाचा सौदा असो, पर्यायी गाडीचे वा दुसऱ्या कंपनीच्या विमानाचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवावे. कंपन्यांमध्ये निवड करताना भावाच्या आधी वेळ पाहावी, आणि त्यातही परतीची वेळ. रात्री दहाला जळगाव वा इंदूर येथे उतरणारा माणूस डोईफोडियास पहाटेच पोहोचतो, आणि त्याचा दुसरा दिवस दुकानासाठी बुडाल्यातच जमा असतो.

आता पॉइंटांकडे वळू. ही कल्पना अमेरिकेतील आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नित्यप्रवाशांस मैल मोजून बक्षीस देण्याची योजना काढली, आणि पाहता पाहता जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. आपल्याकडे एअर इंडियाची योजना पूर्वी ‘फ्लाइंग रिटर्न्स’ म्हणून ओळखली जाई; तिचे नाव २०२५ मध्ये ‘महाराजा क्लब’ झाले. इंडिगोने २००६ ते २०२४ अशी अठरा वर्षे अशी योजना न ठेवताच धंदा वाढविला, आणि मग ‘ब्लूचिप’ ह्या नावाने आपली योजना आणली. ज्या कंपनीने पॉइंट न देताच सर्वाधिक गिऱ्हाईक मिळविले, तिच्या यशावरून एक गोष्ट उघड होते की, प्रवासी मुख्यतः वेळ व भाव पाहूनच तिकीट घेतो.

पॉइंट म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगावयाचे तर ती एक हुंडी आहे. मात्र ह्या हुंडीवर ना पक्की मुदत असते ना पक्की रक्कम. दोन्ही गोष्टी हुंडी लिहून देणाऱ्याच्या मर्जीवर. आज पाच हजार पॉइंटांत मिळणारे तिकीट उद्या आठ हजारांत मिळेल असे कंपनीने ठरविले, तर आपणांस दाद मागावयास जागा नाही. नियमपत्रिकेत तशी अट आपण मान्य केलेलीच असते. ठरावीक काळ खाते न वापरल्यास पॉइंट रद्द होतात. कंपनीच बुडाली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. किंगफिशरचे पॉइंट कंपनीबरोबर गेले. जेटची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे ‘इंटरमाइल्स’ नावाने पुढे चालली, परंतु ज्या विमानात फुकट बसण्यासाठी लोकांनी ते मैल साठविले होते, ती विमानेच उरली नाहीत. विस्ताराच्या ग्राहकांचे पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात वर्ग झाले. ती मंडळी त्या मानाने सुदैवी म्हटली पाहिजेत.

म्हणून खाते उघडूच नये, असे आम्ही म्हणत नाही. खाते उघडण्यास पैसा पडत नाही. ज्या दोन कंपन्यांच्या विमानांत बसण्याचा प्रसंग येतो, त्या दोन्हींत नाव घालावे, तिकीट काढताना क्रमांक द्यावा, आणि जे पदरात पडेल ते वटावासारखे समजावे. परंतु तीन पथ्ये पाळावीत. पहिले, पॉइंटांसाठी महाग तिकीट घेऊ नये. दुसरे, साठा करू नये. पुरेसे पॉइंट होताच ते वापरून टाकावेत, कारण त्यावर व्याज चढत नाही, घट मात्र होते. तिसरे, पॉइंट देणाऱ्या बँकेच्या क्रेडिट कार्डाची बाकी महिन्याच्या महिन्यास संपूर्ण फेडण्याची शिस्त नसेल, तर त्या वाटेस जाऊ नये. अशा बाकीवर दरमहा तीन टक्क्यांच्या आसपास, किंबहुना त्याहून अधिक, व्याज लागते. वर्षाला छत्तीस टक्क्यांनी पैसा उचलून फुकटच्या तिकिटाचा आनंद मानणे हा कोणत्या प्रकारचा व्यापार, ते ज्याचे त्याने ठरवावे.

ज्या कुटुंबांची मुले अमेरिका, इंग्लंड वा आखातात आहेत, त्यांचा हिशेब थोडा वेगळा. लांब पल्ल्याच्या एका प्रवासात जितके पॉइंट मिळतात तितके जळगाव-इंदूरच्या अनेक फेऱ्यांतही मिळत नाहीत. अशा घरांनी कंपन्यांच्या जागतिक संघांचा विचार करावा. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्यामुळे त्या संघातील परदेशी कंपनीने केलेला प्रवासही एका खात्यात जमा करता येतो. काही योजनांत घरच्या मंडळींचे पॉइंट एकत्र करता येतात. त्याचीही चौकशी करावी. तसेच पेढीच्या कामाचे तिकीट पेढीच्या नावे व जीएसटी क्रमांकासह काढावे, म्हणजे नियमाप्रमाणे कराची वजावट मिळू शकते. ही बचत रोकड स्वरूपाची असून बहुतेकांच्या पॉइंटांपेक्षा ती मोलाची ठरेल. लहान व मध्यम उद्योगांसाठी मोठ्या कंपन्या वेगळे दर ठेवतात, त्यांत तारीख बदलण्याची सवलत असते. व्यापाऱ्याच्या अनिश्चित दौऱ्यास ती फार उपयोगी पडते.

घरातील आचारधर्माच्या दृष्टीनेही दोन गोष्टी सुचवितो. ज्या विमानात भोजन तिकिटात समाविष्ट असते, तेथे जैन भोजनाची मागणी आगाऊ, साधारणपणे चोवीस तास आधी, नोंदवावी लागते. विमानात बसल्यावर मागून उपयोग नसतो. आणि ज्यांचा चौविहार आहे त्यांनी सायंकाळचे विमान टाळावे, अथवा घरून निघतानाच जेवून निघावे. विमान लांबणे हे आपल्या हाती नसते. सूर्यास्त तर कोणाच्याच हाती नसतो.

येथपर्यंत आम्ही एकेका घराच्या सोयीचा विचार केला. परंतु जळगावचा आग्रह आम्ही धरतो त्यामागे एक सामाईक कारणही आहे, आणि आमच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. जळगावची विमानसेवा आजवर किती वेळा सुरू झाली आणि किती वेळा थांबली, ते पाहावे. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने वीसाहून कमी आसनांच्या विमानाने मुंबई-जळगाव सेवा आरंभिली. ती टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली. २०२२ मध्ये त्या कंपनीचीच विमाने थांबली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ह्या गोव्याच्या कंपनीने गोवा, हैदराबाद व पुणे येथील सेवा काढल्या, आणि त्याच वर्षी अलायन्स एअरने मुंबईची. ह्या लहान कंपन्यांचा प्रवास मोठ्या कंपन्यांच्या पॉइंटांच्या खात्यात सहसा जमा होत नाही. म्हणजे पॉइंटांच्या मागे धावणारा गिऱ्हाईक आपोआप जळगाव सोडून इंदूरकडे वळतो. प्रत्येकाचे शेपाचशे पॉइंट वाढतात, आणि सर्वांच्या दाराशी आलेले विमान रिकामे जाते.

‘उडान’ची घडण अशी आहे की, निवडलेल्या मार्गावर कंपनीस साधारण तीन वर्षे तोटा भरून काढण्यासाठी मदत मिळते, आणि काही आसनांच्या भावावर मर्यादा असते. हा पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसविलेल्या आकारातून येतो. मुदत संपली की मार्गाने स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिल्या गेलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ च सुरू झाले, त्यांतील ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मार्च २०२३ पर्यंत मुदतीनंतरही चालू राहिलेले मार्ग अवघे ५४ होते. मदतीने विमान आणता येते; ते टिकवावयास प्रवासी लागतो.

आणि प्रवासी तर आपल्याकडे आहे! केळीचा, कापसाचा, यंत्रमागाच्या कापडाचा व्यापार करणारा बऱ्हाणपूर जिल्हा जळगावच्या विमानतळाचे स्वाभाविक पाणलोट क्षेत्र आहे. परंतु मध्ये राज्याची सीमा पडते. महाराष्ट्रात जळगावची मागणी मांडताना आमची गणना होत नाही, आणि मध्यप्रदेशात विमानतळ म्हटला की इंदूरकडे बोट दाखविले जाते. अशा स्थितीत आमची संख्या आम्हीच मोजून दाखविली पाहिजे. आमची मंडळास सूचना आहे की, प्रत्येक सभासदाने वर्षभरात कोणत्या शहरास, किती वेळा, कोणत्या विमानतळावरून प्रवास केला, एवढी तीन रकान्यांची माहिती दिवाळीपूर्वी मंडळाकडे द्यावी. तिची बेरीज करून मंडळाने जळगाव, रावेर व भुसावळ येथील व्यापारी संस्थांच्या सहकार्याने ती विमानकंपन्यांपुढे व दोन्ही राज्यांच्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवावी. विनंतिअर्ज पुष्कळ येतात. आकड्यांचा तक्ता क्वचित येतो, आणि व्यापारी माणसाच्या तोंडी तोच शोभतो.

कोणी म्हणेल, ‘गावाच्या अभिमानापायी आम्ही महाग तिकीट का घ्यावे?’ शंका रास्त आहे. आम्ही तोटा सोसावयास सांगत नाही. वर दाखविल्याप्रमाणे मोटारभाडे, मुक्काम व बुडालेला दिवस धरून जळगाव महाग ठरत असेल, किंवा हव्या त्या दिवशी तेथून विमानच नसेल, तर खुशाल इंदुरास जावे. मात्र हिशेब जेथे बरोबरीचा पडतो, तेथे पारडे जळगावकडे झुकवावे. निघण्यापूर्वी त्या आठवड्याचे वेळापत्रक पाहावे, कारण ते बदलते. ते स्थिर व्हावे असे वाटत असेल, तर त्यास आधार देणारे प्रवासी आपणच व्हावयास हवे.

सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए बऱ्हाणपुरास आला, तेव्हा येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान व पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने नोंदविले. सुरतेहून आग्र्यास जाणारी वाट येथून जात होती, म्हणून ही पेठ भरली. पुढे लोहमार्ग आला तोही सुदैवाने येथूनच गेला. ज्या पेठांना वाट सोडून गेली त्यांची दशा आपण आसपास पाहतोच. तिसरी वाट आकाशातली आहे, आणि ती शंभर किलोमीटरवर येऊन थांबली आहे. तिच्यावरून येत्या वर्षी आपल्यापैकी किती जण गेले, हे पुढील वार्षिक सभेत मांडता यावे, एवढीच सभासद बंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.